फ्रान्स्वा गीझो: इतिहासकार आणि राजमंत्री

(मंडळ्यांतील अभ्यासवर्गासाठीं. शास्त्रपाठ: याकोब २:१–९, लूक १२:५४–५६)



ज्यांचें चरित्र आज आम्ही आपणांपुढें ठेवीत आहों ते आपल्या देशाचे नव्हत, आपल्या भाषेचे नव्हत, आणि त्यांचें नांवही आपणांपैकीं बहुतेकांच्या कानांवर आलें नसेल. फ्रान्स्वा गीझो हे फ्रान्स देशाचे नामांकित इतिहासकार असून पुढें ते त्या देशाचे मुख्य मंत्री झाले. त्यांचें चरित्र दोन कारणांस्तव आपल्या उपयोगी आहे. एक तर ते प्रॉटेस्टंट ख्रिस्ती होते, आणि जेथें आपल्या मताचे लोक थोडे व दुबळे अशा देशांत जन्मले होते. दुसरें असें कीं, खेड्यांतील गरिबांच्या मुलांकरितां कायद्यानें शाळेचें दार उघडणारे तेच, आणि त्याच गरिबांनीं राज्यकारभारांत एक मत मागितलें तेव्हां दार लावून घेणारेही तेच. एकाच सज्जन मनुष्याच्या हातून हीं दोन्ही कामें कशीं झालीं, हा आजच्या अभ्यासाचा विषय आहे.

१. छळ सोसलेलें घराणें

फ्रान्सांतील प्रॉटेस्टंट लोकांस ह्यूगनॉट असें म्हणत. इ. स. १५९८ मध्यें हेन्री चौथा ह्या राजानें नांत येथें फर्मान काढून त्यांस उपासनेची मोकळीक दिली होती, परंतु इ. स. १६८५ मध्यें चौदाव्या लुई राजानें तें फर्मान रद्द केलें. मंदिरें पाडण्यांत आलीं, पाळकांस देशाबाहेर घालविण्यांत आलें, आणि जे पाळक गुप्तपणें मागें राहिले किंवा परत आले, त्यांच्यापैकीं कित्येकांस फांशीं देण्यांत आलें. लोक रानांत व डोंगरांच्या कपारींत जमून उपासना करीत. जुन्या करारांतील इस्राएल लोकांची आठवण ठेवून ते त्या काळास अरण्याचा काळ म्हणत. प्रॉटेस्टंट पाळकानें लावलेलें लग्न सरकार मानीत नसे, म्हणून अशा लग्नाचीं मुलें कायद्याच्या दृष्टीनें अनौरस ठरत.

गीझो ह्यांचे आजोबा त्या अरण्याच्या काळांतील पाळक होते. गीझो ह्यांचा जन्म ४ ऑक्टोबर १७८७ रोजीं दक्षिण फ्रान्सांतील नीम नांवाच्या शहरीं झाला. प्रॉटेस्टंटांचीं लग्नें व जन्म नोंदण्याची परवानगी देणारें फर्मान सोळाव्या लुई राजानें त्याच वर्षाच्या नोव्हेंबर महिन्यांत काढलें. म्हणजे हें मूल जन्मास आलें त्या दिवशीं त्याच्या आईबापांचें लग्न सरकारच्या दृष्टीनें लग्नच नव्हतें. आपल्याच देशांत परका असणें म्हणजे काय, हें ह्या घराण्यास कोणीं शिकविण्याची गरज नव्हती.

पुढें १७८९ सालीं फ्रेंच राज्यक्रांति झाली. गीझो ह्यांचे वडील आंद्रे गीझो हे वकील होते. त्यांनीं प्रथम क्रांतीचें स्वागत केलें, कारण तिनें प्रॉटेस्टंटांस इतरांबरोबरीचे हक्क दिले. परंतु क्रांतीचे पुढारी जेव्हां विरोधकांचीं शिरें उडवूं लागले तेव्हां आंद्रे त्यांच्या बाजूस राहिले नाहींत. त्यांस पकडण्यांत आलें व ८ एप्रिल १७९४ रोजीं नीम येथेंच गिलोटिन नांवाच्या शिरच्छेदाच्या यंत्रानें त्यांचा वध करण्यांत आला. त्या वेळीं फ्रान्स्वा सहा वर्षांचे होते. विधवा झालेली त्यांची आई सोफी मोठी धीराची व देवभीरु बाई होती. तिनें १७९९ सालीं आपल्या दोन मुलांस घेऊन जिनीव्हा शहर गांठलें व तेथें त्यांस शिक्षण दिलें. फ्रान्स्वा तेथें ग्रीक, लॅटिन, जर्मन, इंग्रजी व इटालियन ह्या भाषा शिकले. इतकेंच नव्हे तर आईच्या इच्छेवरून ते सुतारकामही शिकले. नासरेथच्या घरांतील धंदा पुढें राजमंत्री होणाऱ्या ह्या मुलाच्या हातासही लागला होता, ही गोष्ट हातानें काम करण्याची लाज बाळगणाऱ्या आपल्या तरुणांनीं लक्षांत ठेवावी.

२. अध्यापक

इ. स. १८०५ मध्यें गीझो कायदा शिकण्यासाठीं पॅरिस शहरीं आले. जवळ पैसा नव्हता. श्टाफर नांवाच्या एका स्विस गृहस्थांच्या घरीं मुलांस शिकवून ते राहूं लागले. त्याच सुमारास त्यांच्या कानांवर आलें कीं, पोलीन द मूलां नांवाची एक कुलीन बाई वर्तमानपत्रांत लेख लिहून आपलें कुटुंब पोसते, परंतु आजारामुळें तिला लिहितां येत नाहीं व घरीं अडचण झाली आहे. गीझो ह्यांनीं नांव न कळवितां तिला पत्र लिहिलें कीं, आपण बरें होईपर्यंत आपले लेख मी लिहून पाठवीन. त्याप्रमाणें त्यांनीं केलेंही. पुढें ओळख झाली, आणि १८१२ सालीं त्यांचा विवाह झाला.

त्याच वर्षीं गीझो ह्यांनीं गिबन ह्या इंग्रज इतिहासकाराच्या रोमी साम्राज्यावरील ग्रंथाचें फ्रेंच भाषांतर दुरुस्त करून टिपांसह प्रसिद्ध केलें. गिबन ह्यानें आरंभींच्या ख्रिस्ती मंडळीविषयीं जें उपहासानें लिहिलें होतें, त्यास त्या टिपांत शांतपणें व आधारासह उत्तर दिलेलें आहे. त्यांची विद्वत्ता पाहून वयाच्या पंचविसाव्या वर्षीं त्यांस पॅरिस येथील सॉरबॉन विद्यापीठांत अर्वाचीन इतिहासाचे अध्यापक नेमण्यांत आलें. त्या काळीं नेपोलियन बादशहा होता, आणि पहिल्या व्याख्यानांत बादशहाची स्तुति करावी असा रिवाज असे. वरिष्ठांनीं तसें सुचविलेंही. परंतु गीझो ह्यांनीं स्तुतीचा शब्द घातला नाहीं.

नेपोलियनच्या पाडावानंतर जुनें राजघराणें परत आलें. गीझो कांहीं काळ सरकारी अधिकारावर होते; परंतु त्यांचीं मतें न रुचल्यामुळें १८२० सालीं त्यांस काढण्यांत आलें, व १८२२ सालीं त्यांचीं व्याख्यानेंही बंद करण्यांत आलीं. त्यांनीं तक्रार करीत न बसतां जुनीं दप्तरें चाळून इंग्लंडच्या राज्यक्रांतीचा इतिहास लिहिण्यास घेतला. १८२७ सालीं पोलीनबाई मरण पावल्या. दुसऱ्या वर्षीं व्याख्यानांवरची बंदी उठली, आणि १८२८ पासून १८३० पर्यंत युरोपच्या व फ्रान्सच्या सुधारणेच्या इतिहासावर त्यांनीं जीं व्याख्यानें दिलीं, तीं ऐकण्यास लोकांची दाटी होई. त्यांतील मुख्य विचार आमच्या वाचकांनीं नीट ध्यानांत धरावा, कारण पुढें त्याचें काम पडेल. त्यांनीं असें दाखविलें कीं, युरोपांत राजा, सरदार, ख्रिस्ती मंडळी व नगरांतील व्यापारी ह्यांच्यापैकीं कोणा एकासच सर्व सत्ता कायमची मिळाली नाहीं. प्रत्येकास दुसऱ्यास जागा द्यावी लागली, आणि ह्या ओढाताणींतूनच स्वातंत्र्य वाढलें.

३. खेड्यांतील शाळा

जुलै १८३० मध्यें पॅरिस येथें पुनः क्रांति होऊन लुई फिलिप हा गादीवर आला. गीझो प्रथम गृहमंत्री व १८३२ सालीं शिक्षणमंत्री झाले. मार्च १८३३ मध्यें त्यांची दुसरी पत्नी एलिझा तीन लहान मुलें मागें ठेवून वारली. तें दुःख ताजें असतांच त्यांनीं आपल्या आयुष्यांतील सर्वांत मोठें काम तडीस नेलें. तें काम म्हणजे २८ जून १८३३ चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा होय.

ह्या कायद्यानें असें ठरलें कीं, प्रत्येक गांवानें एकट्यानें किंवा शेजारच्या गांवांस मिळून एक प्राथमिक शाळा चालवावी. शाळेस जागा व शिक्षकास राहण्यास घर द्यावें. शिक्षकाचा ठराविक पगार वर्षास २०० फ्रँकांहून कमी नसावा. आणि ज्यांस फी देण्याची ऐपत नाहीं अशा मुलांस गांवच्या पंचांनीं ठरवून फुकट शिकवावें. प्रत्येक जिल्ह्यास नॉर्मल स्कूल, म्हणजे शिक्षक तयार करण्याची शाळा, असावी असेंही ठरलें. धर्मशिक्षण शाळेंत असावें, परंतु मुलानें तें घ्यावें कीं नाहीं ह्याविषयीं बापाची इच्छा विचारावी व ती पाळावी, असें एक कलम त्यांत होतें. ज्यांच्या आजोबांस रानांत लपून उपासना करावी लागली, त्यांच्या हातून दुसऱ्याच्या सदसद्विवेकाचा हा मान राखला गेला.

कायदा करून गीझो स्वस्थ बसले नाहींत. देशांतील शाळा पाहण्यासाठीं त्याच वर्षीं त्यांनीं सुमारे ४९० तपासनीस पाठविले. त्यांस काय आढळलें? कोठें शाळा गोठ्यांत भरे. कोठें एकाच खोलींत शिक्षकाचा संसार व मुलांचा वर्ग. शिक्षक पोटासाठीं जोडे शिवी, देवळाची घंटा वाजवी, थडगीं खणी. अशा सुमारे ३९,००० शिक्षकांस गीझो ह्यांनीं कायद्याच्या प्रतीबरोबर एक पत्र पाठविलें. मसुदा त्यांचे मित्र रेमूसा ह्यांचा होता, परंतु त्यावर सही व अंतःकरण गीझो ह्यांचेंच होतें. त्याचा आशय असा: तुमचें काम लहानशा गांवांत कोणाच्या नजरेस न येणारें आहे, त्यांत धन नाहीं व कीर्ति नाहीं, तरी सर्व देशाचें हित त्यावर अवलंबून आहे, आणि त्याचें खरें प्रतिफळ मनुष्यांकडून नव्हे तर देवाकडूनच मिळण्याची आशा तुम्हीं धरावी. आमचे जे उपदेशक बंधु खेड्यांत एकटे शाळा चालवितात किंवा रात्रीं कंदिलाच्या उजेडांत प्रौढांस वाचावयास शिकवितात, त्यांस हें पत्र आपल्यासच आल्यासारखें वाटेल.

ह्या कायद्यांत उणीवही होती. मुलींची शाळा काढण्याची सक्ती त्यांत नव्हती, मुलांस शाळेंत पाठविण्याची सक्ती नव्हती, आणि शिक्षण सर्वांस फुकटही नव्हतें. शिक्षण फुकट व सक्तीचें पुढें १८८१ व १८८२ च्या कायद्यांनीं झालें. तरी १८३२ सालीं प्राथमिक शाळांत सुमारे १९ लाख मुलें होतीं, ती संख्या १८४७ च्या सुमारास ३५ लाखांच्या आसपास गेली. हें काम थोडें नव्हे.

४. दोनशें फ्रँक

आतां चरित्राची दुसरी बाजू पाहूं. १८४० सालीं गीझो कांहीं महिने लंडन येथें फ्रान्सचे वकील होते. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत ते परराष्ट्रमंत्री झाले, व तेव्हांपासून मंत्रिमंडळाचीं खरीं सूत्रें त्यांच्याच हातीं राहिलीं. १८४७ सालीं मुख्य मंत्र्याचें पदही त्यांस मिळालें. त्यांनीं कांहीं वर्षें इंग्लंडशीं सख्य राखलें व देशास मोठ्या युरोपीय युद्धापासून दूर ठेविलें, हें त्यांच्या पदरीं घातलें पाहिजे.

परंतु त्या काळीं फ्रान्सांत मत कोणास होतें? १८३१ च्या कायद्याप्रमाणें जो पुरुष वर्षास २०० फ्रँक प्रत्यक्ष कर भरी त्यासच सामान्यतः मताचा अधिकार असे. साडेतीन कोटी लोकवस्तीच्या देशांत असे मतदार १८४७ सालीं सुमारे २ लाख ४० हजार होते, म्हणजे दर दीडशें माणसांमागें सुमारे एक. वाचकांनीं हा २०० चा आंकडा पुनः पाहावा. गांवच्या शिक्षकास वर्षभर शिकवून जो किमान पगार मिळे तेवढाच, म्हणजे २०० फ्रँक, कर भरणारा मतदार होई. ज्या शिक्षकास मंत्र्यांनीं देशाचें हित तुझ्या हातीं आहे असें लिहिलें, त्या शिक्षकास त्या देशाच्या कारभारांत मत नव्हतें. आणि त्याच्या हाताखालीं लिहावाचावयास शिकून मोठ्या झालेल्या बहुतेक तरुणांसही नव्हतें.

लोक म्हणूं लागले, कराची मर्यादा कमी करा, मतदार वाढवा. गीझो ह्यांनीं दर वेळीं नकार दिला. त्यांचें म्हणणें असें कीं, लोकांनीं उद्योगानें व काटकसरीनें संपन्न व्हावें, ज्ञान मिळवावें, म्हणजे मत आपोआप येईल. त्यांच्या शत्रूंनीं ह्यांतील संपन्न होण्याचा तेवढा भाग उचलून त्यांची पुष्कळ निंदा केली. ती निंदा सर्वस्वी न्याय्य नव्हती. परंतु ज्याच्या घरीं दोन वेळची भाकरी नाहीं त्यानें हें उत्तर ऐकून काय करावें?

आणखी एक गोष्ट. गीझो स्वतः निर्लोभी होते. इतकीं वर्षें सत्ता हातीं असून त्यांनीं धन सांठविलें नाहीं. परंतु लोकप्रतिनिधींपैकीं पुष्कळ जण सरकारी पगाराचे नोकर असत व त्यामुळें ते मंत्र्यांच्या बाजूनें मत देत. ही रीत बंद करण्याच्या सूचना वारंवार आल्या, आणि गीझो ह्यांच्या पक्षानें त्या फेटाळल्या. स्वतःचे हात स्वच्छ ठेवून त्यांनीं दुसऱ्यांच्या मळलेल्या हातांवर राज्य चालविलें.

हा विद्वान पुरुष असा कां वागला? आम्हांस असें वाटतें कीं, सहा वर्षांच्या मुलानें बापाचा वध करणारी जी सत्ता पाहिली, तिचें भय त्याच्या मनांतून कधीं गेलें नाहीं. लोकांच्या हातीं सत्ता गेली कीं पुनः गिलोटिन येईल, अशी त्यांस धास्ती असावी. भय खोटें नव्हतें. परंतु त्या भयानें त्यांस आपलीच व्याख्यानें विसरावयास लाविलीं. कोणा एका वर्गासच सत्ता कायमची मिळत नाहीं असें ज्यांनीं शिकविलें, तेच एका वर्गाच्या सत्तेस कुंपण घालून बसले.

५. पतन व उत्तरवय

राजकीय सभांवर निर्बंध असल्यामुळें सुधारणा मागणाऱ्यांनीं १८४७ पासून गांवोगांवीं मेजवान्या करून तेथें भाषणें करण्याचा क्रम सुरू केला. २२ फेब्रुवारी १८४८ रोजीं पॅरिस येथें व्हावयाची मेजवानी सरकारनें होऊं दिली नाहीं, आणि लोक रस्त्यावर आले. २३ तारखेस राजानें गीझो ह्यांस दूर केलें. परंतु त्याच रात्रीं परराष्ट्रखात्याच्या कचेरीसमोर शिपायांनीं जमावावर गोळ्या झाडल्या व पन्नासाहून अधिक माणसें मेलीं. २४ तारखेस राजानें गादी सोडली. गीझो वेष पालटून निसटले व लंडन येथें गेले. मागून त्यांची वृद्ध आईही तेथें आली व थोड्याच दिवसांनीं, मार्च महिन्यांत, परदेशींच तिनें देह ठेविला. तिकडे फ्रान्सांत नव्या सरकारनें सर्व प्रौढ पुरुषांस मत दिलें, आणि मतदारांची संख्या एकदम ९० लाखांवर गेली. हळूहळू उघडण्याचें दार घट्ट धरून ठेविलें, म्हणून तें एका दिवसांत मोडून पडलें.

१८४९ सालीं गीझो स्वदेशीं परत आले व नॉर्मंडी प्रांतांत वाल-रिशे येथील आपल्या घरीं राहिले. पुढें पंचवीस वर्षें ते जगले, परंतु सत्ता त्यांच्या हातीं पुनः आली नाहीं. त्यांनीं निंदकांस शिव्या दिल्या नाहींत, कीं निराशेनें अंथरूण धरलें नाहीं. लेखणीवर उपजीविका करीत त्यांनीं आठ खंडांत आपल्या काळाच्या आठवणी लिहिल्या, ख्रिस्ती धर्मावर मननपर ग्रंथ लिहिले, आणि नातवंडांस सांगितलेल्या गोष्टींच्या रूपानें फ्रान्सचा इतिहास लिहिला. १८७२ सालीं पॅरिस येथें फ्रान्सच्या रिफॉर्म्ड मंडळीची सर्वसाधारण सभा भरली. राजाच्या परवानगीनें अशी सभा पूर्वीं १६५९ सालीं भरली होती, त्यानंतरची ही पहिलीच. चौऱ्याऐंशी वर्षांचे गीझो तींत बसले, आणि येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानावरील विश्वास मंडळीनें उघडपणें कबूल करावा ह्या पक्षास त्यांनीं आपलें बळ दिलें. १२ सप्टेंबर १८७४ रोजीं वाल-रिशे येथें त्यांचा अंत झाला.

६. बोध

पहिला बोध उपदेशकांकरितां आहे. गीझो ह्यांची मोठमोठीं राजकारणें बुडालीं. राजा गेला, मंत्रिमंडळ गेलें. परंतु खेड्यांतील शाळा राहिल्या. राज्यें उलथलीं तरी ज्या मुलास वाचतां येऊं लागलें त्याचें वाचणें कोणीं काढून घेतलें नाहीं. म्हणून ज्याच्या हातीं पाटीपेन्सिल व शुभवर्तमान आहे त्यानें आपलें काम हलकें समजूं नये.

दुसरा बोध मंडळ्यांच्या पुढाऱ्यांकरितां आहे, व तो अधिक कठीण आहे. ज्यास आपण शिकवितों त्यास पुढें आपल्या शेजारीं बसावयास जागा द्यावी लागते. मंडळींत एखादा गरीब बंधु वाचावयास शिकला, हिशेब समजूं लागला, आणि पंचांच्या सभेंत त्यानें दानपेटीचा हिशेब विचारला, तर त्यास उद्धट म्हणून गप्प बसविण्यांत येतें काय? विधवा बहीण आपल्या मूठभर धान्यांतून मंडळीस देते, पण तिचें मत कोणी विचारतो काय? याकोबानें आपल्या पत्रांत सोन्याची अंगठी घालणाऱ्यास मानाची जागा व मळक्या वस्त्रांच्या माणसास पायांजवळ जागा देणाऱ्यांस दोष दिला आहे. दोनशें फ्रँकांचें कुंपण तें हेंच. आपल्या देशांत १९५० सालीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेनें प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास मत दिलें. मग जो देशाच्या कारभारास योग्य ठरला तो मंडळीच्या कारभारास अयोग्य कसा?

तिसरा बोध सर्वांकरितां आहे. स्वतः लांच न खाणें ही भली गोष्ट, परंतु तेवढ्यानें कारभाऱ्याचें कर्तव्य संपत नाहीं. हाताखालच्यांच्या वागण्याचाही जबाब द्यावा लागतो. शेवटीं, पश्चिमेस ढग दिसतांच पावसाचा अंदाज करणाऱ्या लोकांस प्रभूनें विचारलें कीं, ह्या काळाची पारख तुम्हांस कां होत नाहीं. गीझो ह्यांस हजार वर्षांचा इतिहास पाठ होता, परंतु आपल्या खिडकीखालच्या लोकांची हांक त्यांस ऐकूं आली नाहीं. ज्ञान हें देवाचें देणें आहे. तें मिळाल्यावर कान उघडे ठेवणें हें आपलें काम आहे.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. गीझो ह्यांच्या आजोबांच्या व वडिलांच्या वेळीं प्रॉटेस्टंट लोकांची स्थिति कशी होती?

२. १८३३ च्या कायद्यांत खेड्यांकरितां कोणत्या तरतुदी होत्या? कोणत्या उणिवा होत्या?

३. इतिहासांतून गीझो ह्यांनीं काय शिकविलें, व मंत्री झाल्यावर तें कोठें सोडलें?

४. आपल्या मंडळींत शिकून तयार झालेल्या कोणत्या बंधूस किंवा भगिनीस अद्याप काम व मत दिलेलें नाहीं? ह्याचा विचार पंचांच्या पुढच्या सभेंत प्रार्थनापूर्वक करावा.